बारेंतचा पिवळा

"देवानं पानं हिरवी केली ती गुरांसाठी," पाद्री एव्हरार्ड म्हणाले. मग ते थांबले. छातीत पुरेसा वारा भरून झाला, दिवाणखान्यातल्या शेवटच्या माणसानं पेला खाली ठेवला, आणि मगच ते पुढे म्हणाले, "वेंडेलाबाईंनी ती निळी केली, ती आत्म्यासाठी."

वेंडेलाबाईंच्या तोंडात त्या वेळी अर्धा हेरिंग मासा होता. उरलेला अर्धा बाहेर होता आणि त्याची शेपटी त्यांच्या चिमटीत होती. खारवलेला हेरिंग खायचा तर मान मागे टाकून, तोंड वर करूनच खावा लागतो, अॅम्स्टरडॅममध्ये त्याला दुसरी रीत नाही. त्यामुळे आपल्याविषयी आजवर बोललं गेलेलं सर्वांत थोर वाक्य तिनं आढ्याकडे बघत ऐकलं. आढ्यावरून नजर भिंतीवर उतरली, भिंतीवर पंचवीसेक वर्षांपूर्वीचं तिचंच चित्र होतं, आणि त्यातली पानं खरोखरच निळी होती. ट्युलिप लाल होते, गुलाब गुलाबी होते, पाणी पाण्यासारखं होतं. पानं मात्र नव्या बशीवरच्या नक्षीसारखी निळी. वेंडेलानं ती हिरवी रंगवली होती.

मासा गिळणं भाग होतं, तो तिनं गिळला. पहिल्यांदा तिला वाटलं, आपले डोळे गेले. साठी उलटलेल्या बाईला, त्यातून एका केसाच्या कुंचल्यानं मुंगीचे पाय काढत जन्म घालवलेल्या बाईला, हा विचार रोजच्या औषधासारखा वेळेवर येतोच. ती हळूच खिडकीशी जाऊन आली. कालव्याकाठची एल्मची झाडं हिरवी होती. पुलाखालून चाललेल्या होडीतली कोबी हिरवी होती. घराचे मालक लुबर्ट, दोरखंडांचे व्यापारी, यांचा कोट तर भलताच हिरवा होता. जग जागच्या जागी होतं. मग तिला वाटलं, हे चित्रच आपलं नसावं. पण उजव्या कोपऱ्यात, फुलदाणीच्या पायाशी, ती गोगलगाय होती. त्या गोगलगाईला वेंडेला ओळखत होती. तो सबंध उन्हाळा ती तिच्या घरी पालथ्या पेल्याखाली लेट्यूसच्या पानावर राहिली होती, नको त्या बाजूला तोंड करून बसायची, आणि तिनं वळावं म्हणून वेंडेलानं जितकी मनधरणी केली तितकी स्वतःच्या मुलीची कधी केली नव्हती. मोलकरीण त्रैन तर म्हणाली होती की बाई, आता हिचंही नाव चर्चच्या वहीत घालून टाका. सही कुणीही खोटी करू शकतो. पण तो रुसवा, ते शिंग आत ओढून घेणं, ते दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. चित्र तिचंच होतं. म्हणजे मधल्या पंचवीस वर्षांत पानांतून कुणीतरी निघून गेलं होतं.

कोण निघून गेलं ते कळायला तिला वेळ लागला नाही. फुलं रंगवणाऱ्यांच्या धंद्यात हिरवं पान एका दमात होत नाही. आधी खाली निळा लावायचा, शिरा, सावल्या, कीड लागलेली भोकं, सगळं निळ्यातच. तो वाळला की वर पिवळा, पातळ, पावावर कंजुषानं मध लावावा तसा. पिवळ्यातून निळा दिसतो, लोक म्हणतात, वा, काय हिरवं आहे. निळा वेंडेलाचा. पिवळा बारेंतचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, जो या घटकेला घरी पायाखालच्या शेगडीवर गुडघे शेकत बसला असणार. लुबर्टच्या वडिलांनी चित्र घेतलं ते दक्षिणेच्या खिडकीसमोरच टांगलं, का तर कालव्यातून जाणाऱ्या होड्यांनाही कळावं की या घरात दोरखंडांखेरीजही काही आहे. पंचवीस उन्हाळे सूर्यानं रोज दुपारी येऊन बारेंतला थोडं थोडं चाटलं होतं. आता बशी स्वच्छ होती.

तिनं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण लुबर्ट मध्ये बोलले. निळी पानं त्यांच्या घराण्यात पहिल्यापासून आहेत, वडील तर मरताना म्हणाले होते की ती निळी पानं जपा, असं त्यांनी शपथेवर सांगितलं. चित्र जेवणाच्या टेबलासमोर, आणि पानं निळी होत चाललीत हे त्या घरात एकाच्याही लक्षात आलेलं नव्हतं. माणसाचं रोजच्या गोष्टींकडे जितकं लक्ष असतं तितकंच त्यांचं होतं. वर ते म्हणाले, "बाई, याला जोड हवी. एवढंच मोठं, अशीच फुलं. आणि निळ्यात काटकसर नको."

"नाही करणार," वेंडेला म्हणाली. आत्म्याचं वाक्य अजून कानात होतं, हे खोटं कशाला बोला. आजवर लोक तिला म्हणत आले होते की किती खरं दिसतं हो, आणि असं म्हणताना त्यांची नजर चौकटीच्या सोनेरी नक्षीवर असे. आत्म्यापर्यंत कुणी गेलं नव्हतं. फार तर पाकळीवरच्या दवबिंदूवर थांबत.

घरी जाताना ती लांबच्या पुलावरून गेली. वाटेत रंगवाल्यांची गल्ली लागली, आणि तिथल्या जवसाच्या तेलाच्या वासानं तिला नेहमीप्रमाणे वीस वर्षांची करून टाकलं. बारेंत इथल्याच एका दुकानात रंग घोटायचा. दिवसा दुसऱ्यांचे रंग घोटायचा आणि रविवारी स्वतः माणसांची चित्रं काढायचा, आणि ती माणसं चित्र बघून पुढचे काही रविवार चर्चला येत नसत. त्याचा प्राण होता त्या पिवळ्यात. कुंपणावरच्या काटेरी झुडपाची मिऱ्याएवढी फळं, पिकायच्या आत तोडायची, तुरटीत उकळायची, उतरलेला रंग खडूच्या भुकटीत जिरवायचा. ती फळं रंगापेक्षा दुसऱ्याच गुणासाठी प्रसिद्ध होती, दोन दाणे पोटात गेले तर धडधाकट माणूस अंगणाच्या टोकाला जायचा तो संध्याकाळीच परत यायचा, आणि त्यावरून गल्लीत त्या पिवळ्याचं जे नाव पडलं होतं ते पाद्र्यासमोर घेण्यासारखं नव्हतं. इतर तरुण वेंडेलाच्या बापाच्या दारात फुलं घेऊन यायचे. फुलं बघितली की तिला काम आठवायचं. बारेंत रंग ठेवायच्या शिंपल्यात पिवळा घेऊन आला. म्हणाला, याच्यासारखा शहरात नाही. कशावरून, असं तिनं विचारल्यावर, फळ किती ताजं आहे ते दाखवण्यासाठी त्यानं चार-पाच दाणे तिच्यासमोर चावून खाल्ले. मग दोन दिवस तो दिसला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो इतका पांढराफटक की तिच्या आईला दया आली, आणि दयेवरून बोलणी पुढे गेली. लग्नानंतर त्यानं एकदा तिचा ट्युलिप पाहिला, आपले रविवारचे चेहरे पाहिले, ते सगळे माळ्यावर नेऊन भिंतीकडे तोंड करून उभे केले, आणि खाली येऊन म्हणाला, "तू निळा लाव. पिवळा माझ्याकडे लागला." त्या दिवसापासून त्यानं चित्रासाठी कुंचला धरला नव्हता. या माणसाला आता घरी जाऊन काय सांगायचं? की तुझ्या जन्माचा रंग उडाला, आणि तो उडाला म्हणून लोक माझी आरती करताहेत?

आणि चित्र काय एक होतं? पुलाच्या मधोमध ती थबकली. मागून येणाऱ्या मच्छीवालीनं विचारलं, काय आजी, कालवा मोजताय का. वेंडेला खरं तर भिंती मोजत होती. जर्मन राजवाड्यातली एक, लायडनच्या प्राध्यापकांच्या घरातली, त्या इंग्रज सरदाराची, जो तिच्याच घरी चहा पिताना खुर्चीत झोपला होता. या सगळ्या भिंतींवर, याच क्षणी, उन्हाची तिरीप येत असेल आणि बारेंत पानापानानं हे जग सोडत असेल. बिचारा घरी शेगडीवर, त्याला पत्ताही नाही.

पत्ता लागण्याची भीतीही तशी नव्हती. बारेंतचे गुडघे त्याला पुलापलीकडे नेत नसत, आणि डोळ्यांत दूध उतरलं होतं. शिंपल्यातला रंग तो आता बोटांमध्ये चोळून, नाकाशी धरून ओळखायचा. पण ती कुणाच्या घरी आपलं जुनं चित्र बघून आली की पहिला प्रश्न ठरलेला. आजही ती टोपी काढतेय तोच त्यानं विचारलं, "पिवळा कसा आहे?"

"टिकलाय," वेंडेला म्हणाली.

"टिकलाय? लुबर्टकडचा? त्या खिडकीसमोरचा?"

"काल लावल्यासारखा."

दुधाळ डोळ्यांनी बारेंत तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि वेंडेलाला वाटलं, किती सुखावलाय. मग उठून, गुडघे करकर वाजवत, त्यानं तिला टेबलाशी बसवलं, वाटाण्याच्या सुपाची वाटी तिच्या हाताशी सरकवली आणि चमचा उचलून बोटांत दिला. त्याच्या ओल्या मनानं तिला भरून आलं.

त्या उन्हाळ्यात मग चित्र सुरू झालं, आणि बारेंत प्रेमळ झाला. एवढ्या वर्षांच्या संसारात जे सुचलं नव्हतं ते सगळं त्याला एकदम सुचू लागलं. जिन्याशी आली की म्हणायचा, पायरी आहे हं. दाराशी म्हणायचा, उंबरा. तिची खुर्ची त्यानं खिडकीच्या इतकी जवळ सरकवली की ती दोनदा पडद्यात अडकली. स्वतःला भिंत दिसत नाही आणि मला उंबरा दाखवतोय, असं तिच्या मनात यायचं. पण म्हातारपणाच्या प्रेमाला नावं ठेवू नयेत म्हणून ती गप्प बसे. त्रैन बसत नसे. ती म्हणायची, मालक, बाईंना आता पाठुंगळीच घ्या की.

कामाची रीत अशी की एकाच फुलदाणीतली फुलं एका महिन्यात कधी उमलत नाहीत. चित्रात ती शेजारी शेजारी बसतात, एकमेकांशी बोलल्यासारखी, पण खरं तर कुणीच कुणाला भेटलेलं नसतं. ट्युलिप येतो तेव्हा ट्युलिप रंगवायचा, गुलाबाची जागा मोकळी ठेवायची, गुलाब येईपर्यंत ट्युलिपचं कंदापलीकडे काही उरलेलं नसतं. खसखस दुपारपर्यंतच थांबते. झेंडू सगळ्यांत शेवटी येतो, लग्नाला उशिरा पोचलेल्या मामासारखा, आणि त्यालाच पुढची जागा हवी असते. या सगळ्यात पानं निळी राहतात. पिवळा अगदी अखेरीस, एकाच आठवड्यात, सगळ्यांवर एकदम. तेव्हा निर्णय घ्यायची घाई नव्हती, आणि वेंडेलानं ती केली नाही. बारेंत सकाळी विचारायचा, आज पिवळा घोटू का. ती म्हणायची, अजून गुलाब यायचेत. अजून खसखस यायचीय. अजून झेंडू. तो तरी घोटायचाच, हाताला चाळा म्हणून, आणि उरलेला रंग अंगणाच्या टोकाच्या संडासाच्या दाराला लावायचा. ते दार तो दर दोन वर्षांनी वसंतात रंगवत आलेलाच होता. इतक्या हौसेचं दार गल्लीत दुसरं नव्हतं.

ती मात्र रोज निळ्या पानांसमोर उभी राहायची. वाईट नव्हती. खरं सांगायचं तर देखणी होती. शहरातले दोन-तीन तरुण चित्रकार लुबर्टकडे येऊन बघून गेले होते आणि आता सरळ निळीच पानं काढू लागले होते, असं कानावर होतं. तशीच सोडून दिली असती तर कुणाचं काय बिघडणार होतं? बारेंतला दिसणार नव्हतं. लुबर्टना हवं ते मिळणार होतं. पाद्री आणखी एक वाक्य बोलले असते आणि ती मेल्यावर ते दगडावर कोरलं गेलं असतं. पिवळ्याचे शिंपले ती कुंडीत रिकामे करू शकत होती. मग रात्री जेवताना तिनं म्हणायचं, छान बसला रे आज पिवळा, आणि त्यानं म्हणायचं, बसणारच. एवढं एक वाक्य रोज बोलायचं. पण जमत नव्हतं. पान जितकं जास्त बघावं तितकं तिला ते एखाद्या विधवेनं रंगवल्यासारखं दिसे. शिरा होत्या, भोकं होती, कौशल्य तर ओसंडून वाहत होतं. पण दोन माणसं राहतात त्या घरात जो एक बारीक कलकलाट असतो, तो त्यात नव्हता. झेंडू झाला त्या सकाळी तिनं हाक मारली, "बारेंत, आण तुझा पिवळा." तो शिंपला घेऊन आला. आठवडाभर तिनं तो लावला, पानापानावर, आणि तो मागे उभा राहून म्हणत राहिला की जरा जपून, कड आली हं, कड आली.

रंग वाळल्यावर लुबर्ट आले, सोबत पाद्री एव्हरार्ड. पाद्र्यांनी घरूनच एक वाक्य आणलं असावं, कारण आल्यापासून ते अंडं घेऊन चालल्यासारखे चालत होते. बारेंत कोपऱ्यात शेगडीवर पाय ठेवून बसला होता. वेंडेलानं कापड बाजूला केलं.

"हिरवी?" लुबर्ट म्हणाले. मेजवानीला बोलावून कोबी वाढल्यासारखा त्यांचा आवाज होता.

"बाई," पाद्री म्हणाले, "निळा कुठे आहे?"

कोपऱ्यातून आवाज आला, "कुठला निळा?"

वेंडेलानं या प्रसंगासाठी उत्तर तयार ठेवलं होतं. उजेड, खोलीची दिशा, रंग अजून मुरायचाय, असलं काहीतरी होतं ते, पाठसुद्धा केलं होतं. बारेंतकडे बघितल्यावर ती ते विसरली.

"निळा आत आहे," ती म्हणाली. "वर बारेंतचा पिवळा आहे. उन्हात टांगलंत तर पिवळा उडेल, मग तुम्हाला निळा दिसेल. तुमच्या घरचाही असाच उडाला. मी पानं हिरवीच काढली होती, पाद्रीबाबा. गुरांसाठी."

वेंडेला बारेंतकडे बघत नव्हती. बघायचं धैर्य नव्हतं. खुर्ची करकरली, गुडघे करकरले, आणि तो म्हणाला, "अगं, म्हणजे तुला दिसतंय?"

"काय दिसतंय?"

"उडालेला. तुला तो उडालेला दिसला?"

"न दिसायला काय झालं? मी काय आंधळी आहे?"

"मला तेच वाटलं ना," बारेंत म्हणाला, आणि पुन्हा बसला. "त्या खिडकीसमोरचा आणि म्हणे काल लावल्यासारखा. म्हटलं, झालं, हिचे डोळे गेले आणि हिला कळलेलं नाही. सबंध उन्हाळा मी तुला पायऱ्या दाखवतोय."

"तुला माहीत होतं? उडतो ते?"

"संडासाचं दार दोन वर्षांत पांढरं पडतं, वेंडेला. मी ते काय हौसेनं रंगवतो? दर खेपेला वेगळं करून लावतो. तुरटी कमी करून बघितली, जास्त करून बघितली. शेळीचं दूध घालून बघितलं, त्यावर माश्या बसल्या. उडतोच. म्हणून तर तुला विचारायचो, घरात कसा आहे. तू म्हणायचीस टिकलाय. मला बरं वाटायचं. म्हटलं, निदान लोकांच्या घरी संडासाएवढं ऊन येत नसेल."

वेंडेलाला हसू आलं की रडू हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं, पण नाक मात्र पुसावं लागलं, आणि ते तिनं रंगाच्या फडक्यानं पुसलं. मधल्या काळात लुबर्टनी व्यापाऱ्याच्या डोक्यानं प्रश्न निकालात काढला होता. त्यांनी बारेंतला विचारलं की अंधारात ठेवलं तर काय. बारेंत म्हणाला, अंधारात ठेवा, हिरवं राहील. उन्हात ठेवा, निळं होईल. म्हणजे एका चित्रात दोन, असं लुबर्ट स्वतःशी म्हणाले आणि चित्राकडे प्रथमच प्रेमानं बघू लागले. मग त्यांनी तो पिवळा कसा करतात तेही विचारलं. चाळीसेक वर्षांत बारेंतला हे विचारणारा हा पहिला पाहुणा. बारेंतनं कुंपणापासून सुरुवात केली. झुडूप, काटे, फळं, फळांचा गुण, तो दोन दिवस कुठे होता ते, तुरटी, खडू, सगळं. गल्लीतलं नावसुद्धा त्यानं पाद्र्यांसमोर घेतलं, आणि छत कोसळलं नाही.

पाद्री एव्हरार्ड चित्रासमोरच उभे होते. घरून आणलेलं वाक्य वाया गेलं होतं, पण त्यांच्या छातीत पुन्हा वारा भरू लागला होता. वेंडेलानं ओळखलं आणि आधाराला एक खुर्ची धरून ठेवली.

"पिवळा म्हणजे हे ऐहिक जग," पाद्री म्हणाले. "ते उडून जातं. मागे उरतो तो निळा. तेच शाश्वत. बाई, तुम्ही चित्र नाही काढलंत, तुम्ही काळालाच कुंचला धरायला लावलात."

वेंडेलाला म्हणावंसं वाटलं की उडून जाणारा तिथे कोपऱ्यात बसलाय, मोजे जळतील इतके पाय शेगडीशी नेऊन, आणि शाश्वत राहिलेल्या निळ्यासोबत एकटं जेवायला बसायची मला मुळीच हौस नाही. पण ते वाक्य झालं असतं, आणि आज घरात वाक्यं पुरेशी झाली होती. तिनं त्रैनला चीज आणि बिअर आणायला सांगितली. बारेंत उठला, तिच्या कोपराला हात लावून सवयीनं म्हणाला, उंबरा आहे हं, आणि स्वतःच त्याला अडखळला. तिनं त्याला धरलं आणि सोडलं नाही.

निघताना लुबर्ट पुढे पायऱ्या उतरले. पाद्री मागे रेंगाळले. हॅट घातली, काढली, पुन्हा घातली. शाश्वताविषयी आणखी काही येणार असं वाटून वेंडेलानं चेहरा नीट केला. पण ते तिला ओलांडून बारेंतच्या कानाशी वाकले, आणि एवढी वर्षं भरलेला सगळा वारा सोडून, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बारेंत, ती फळं... वाळवलेली मूठभर मिळतील का? रविवारपासून पोट साफ नाही."